मिस्त्रींचं नाक

मिस्त्रींच्या तोंडून शब्द काढायचा तर पटाशी लागते, असं त्यांची मेहुणी म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. लग्नाआधी मुलीच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा तासभर बसून हा गृहस्थ एवढंच बोलला होता, "कपाटाचं दार घासतंय." दुसऱ्या दिवशी हत्यारं घेऊन आले, दार तासून नीट केलं, आणि मुलीने होकार कळवला.

बायकोचं पोट मात्र बोलण्यावर चालायचं. पेठेतल्या मोठ्या अत्तराच्या दुकानात ती विक्रीला होती. दिवसभर मनगटावर नाही नाही ते नमुने लावून संध्याकाळी घरी यायची. मिस्त्रींचं सुतारकामाचं टेबल पुढच्याच खोलीत, दाराकडे पाठ. रंध्याच्या आवाजात पाऊल ऐकू येणं शक्यच नव्हतं. तरी ती उंबऱ्याशी आली की मान न वळवता ते म्हणायचे, "आलीस." दिवसातला हा एक शब्द ती हक्काने वसूल करायची.

मग तो ताप आला. ताप उतरला, पण जाताना तिचं नाक घेऊन गेला. गुलाब आणि रॉकेल तिला सारखंच. औषधं झाली, वाफारे झाले. डॉक्टर म्हणाले, वास येईल परत, कधी ते सांगता येत नाही. ही गोष्ट तिने मिस्त्रींखेरीज कुणालाही कळू दिली नाही. वास न येणारी बाई अत्तराच्या दुकानात ठेवणार कोण? चुकून भलतंच काही लागेल या धास्तीने तिने मनगटाला अत्तर लावणंही सोडलं. त्याच सुमारास मिस्त्रींचा तो एक शब्दही बंद पडला. आता दारात उभं राहून तिलाच सांगावं लागायचं, "अहो, मी आले." नवऱ्याचं आपल्याकडे लक्षच उरलं नाही, असं तिने मनाशी धरलं, आणि ते तिला नाक गेल्यापेक्षा जास्त लागलं.

पण त्यांच्या नाकाची गरज होती. रोज ती नव्या अत्तरात बुडवलेली कागदाची पट्टी डबीत घालून घरी आणायची. मिस्त्री हात स्वच्छ धुऊन हुंगायचे. पहिल्या दिवशी म्हणाले, "बरं आहे."

"बरं आहे, असं सांगून काय डोंबल विकू मी?"

हळूहळू गडी तयार झाला. "संत्र्याची साल, पण कच्च्या संत्र्याची." "धुतलेली चादर, पण सावलीत वाळलेली." बायको दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला हेच ऐकवायची आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं.

अशात दुकानात उंची ऊद आला. अगराच्या लाकडाचं अत्तर, सगळ्यात महागडं. कुपी तर इतकी नटवी की नाकापेक्षा मोती जड. मालकीणबाई म्हणाल्या, "सोमवारी प्रत्येकीने आपापल्या शब्दांत मला ऊद सांगायचा." मग हिच्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही हल्ली काही हुंगताना दिसत नाही, बाई." तिने गुपचूप उदाची पट्टी डबीत घातली.

रविवारी मिस्त्रींनी पट्टी नाकाशी धरली, लांब नेली, पुन्हा धरली.

"सांगा की."

"थांब. अजून ठरत नाहीये त्याचं."

जेवणाआधी ते म्हणाले, "सुरुवातीला भलताच. गोठ्यात चामडी पट्टा टांगावा तसा. नाक मागे जातं." जेवण झाल्यावर पुन्हा पट्टी उचलली. "आता ते गेलं. जुनं कपाट दुरुस्तीला येतं, त्याचा वर्षानुवर्षं न उघडलेला खण ओढावा, तसा. गोड नाही, पण कडेला कुठेतरी मध लागलाय." पट्टी खिडकीत ठेवत म्हणाले, "इतकी वर्षं लाकूड कापतोय. त्याच्या पोटात असं काही असतं, हे माहीत नव्हतं."

एवढं ते स्वतःच्या लग्नातही बोलले नव्हते. ती बघतच राहिली.

सकाळी पट्टी खिडकीत होती. मिस्त्रींनी ती हुंगली आणि पुन्हा खिडकीत ठेवली.

"अहो, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"हे दुकानात सांगण्यासारखं नाही." ते पट्टीकडेच बघत होते. "तू पूर्वी घरी यायचीस, तसा वास आहे. सगळे वास उडून गेल्यावर उरलेला. माझी पाठ असली तरी कळायचं मला. तापानंतर कळेनासं झालं. तू समोर येऊन उभी राहतेस तेव्हा कळतं."

तिला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

दुकानात बाकीच्या जणींनी खोक्यावर छापलेलंच सांगितलं, राजेशाही, गूढ, मोहक. हिने गोठा सांगितला, खण सांगितला, मध सांगितला. मालकीणबाई डोळे मिटून स्वतःचं मनगट हुंगत होत्या. "आणि शेवटी?"

तिला काहीही ठोकून देता आलं असतं. पण ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवायचं?

"शेवटचं माझं आहे, ते विकायचं नाही. आणि आधीचं माझं नाही. मला वास येत नाही, बाई. तापानंतर गेला. हे सगळे शब्द माझ्या नवऱ्याचे आहेत."

मालकीणबाईंनी डोळे उघडले.

"मध्ये ती मोठी बाटली फुटली, तेव्हा या सगळ्या नाक धरून बाहेर पळाल्या. तुम्ही मात्र शांतपणे फरशी पुसत होता. मला वाटलं, काय सोशीक बाई आहे." त्या हसल्या, मग हसू थांबतं न थांबतं तोच गंभीर झाल्या. "मला आधी सांगायला हवं होतंत. आता कुप्या उघडायला जोडीला कुणीतरी राहील. बोलायचं तुम्हीच. पट्ट्या मिस्त्रींकडे जात राहू देत."

असं म्हणून त्यांनी तिचा हात पुढे ओढला आणि मनगटावर उदाचा एक थेंब टेकवला. "पण माझ्या दुकानातली बाई अशी कोरी फिरलेली मला चालणार नाही."

संध्याकाळी पुढच्या खोलीत रंधा चालू होता, मिस्त्रींची पाठ दाराकडे. तिला स्वतःला कशाचाच वास येत नव्हता. मनगटावर अजून काही उरलंय की नाही, हेही तिला कळायला मार्ग नव्हता. तिने चपला काढल्या आणि उंबऱ्याशी नुसती उभी राहिली. आज 'मी आले' म्हणाली नाही.

रंधा एकदा लाकडावरून पार गेला. दुसऱ्यांदा मध्येच थांबला.

"आलीस," मिस्त्री म्हणाले.