चुकीच्या तारखेखाली

बोंडअळीने कापूस पोखरला त्या वर्षांत मी कॅमेरे बसवायची कामं करायचो. टेलिफोनच्या नोकरीतून निवृत्त झालो होतो, तारांची सवय होती. मारेगावच्या बाजूला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्यात मी लावलेला डीव्हीआर होता, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा.

खंडेनवमीला तिथे मेन स्विच पाडून मशिनींची पूजा होई. डब्यालाही हळदकुंकू, झेंडूची माळ. दुसऱ्या दिवशी वीज सुरू झाली की डब्याची तारीख कितीतरी वर्षं मागे जाई, कारण आतला बटणाएवढा सेल संपलेला होता. मला ते माहीत होतं. सेल बदलायचा सोडून दरवर्षी मी पूजेनंतर तारीख तेवढी लावून येई. त्या वर्षी तेही राहिलं.

दिवाळीनंतर भरदुपारी कापसाच्या गंजीला आग लागली. गेटावरचा चौकीदार तिथे बिडी ओढत होता, असं जिनिंगच्या शेटजींचं म्हणणं. मला बोलावलं. मी आगीची तारीख टाकली. पडदा कोरा.

"त्या दिवशीचं काही नाही," मी म्हणालो.

"मंग हे कॅमेरे काय नजर लागू नये म्हणून टांगले का, शेटजी?" चौकशीला आलेला हवालदार म्हणाला.

शेटजी हसले नाहीत. माझ्याकडे पाहत राहिले.

दारात उभा असलेला चौकीदार म्हणाला, "काका, अजून एकडाव पाहा ना. म्या गेटावरच होतो. कॅमेरा तं माह्या डोक्यावरच हाये."

"नाही म्हटलं ना."

परतीच्या बसमध्ये आठवलं, तारीख लावायची राहिली आहे. चित्रण होतं, फक्त जुन्या सालाखाली. डिस्क भरली की डबा जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. दोनतीन आठवडे हातात होते. पण चूक माझी निघाली, तर शेटजींचा अडकलेला विमा, जळालेला कापूस, सगळं माझ्या अंगावर येणार होतं. फोन वाजला की मी दचकायचो.

आठवड्याभराने चौकीदारच लोहाऱ्याला माझ्या घरी आला. चहाला हात लावला नाही.

"काका, माह्यावर केस करून राह्यले. चाला ना संगं."

"गुडघा धरलाय रे."

"मंग उद्या येऊ काय घ्यायले?"

"पाहू."

तो गेल्यावर बायको म्हणाली, "जाऊन या की. काय बिघडतं?" मी गुडघ्याला तेल चोळायला घेतलं.

गेलो तो सगळं पुसलं गेल्याची खात्री झाल्यावर. सेल बदलला, तारीख लावली. डिस्कवरच्या सर्वांत जुन्या चित्रात गंजीच्या जागी काळी जमीन होती. गेटावर नवा माणूस बसला होता. जुन्याला पोलिसांनी नेलं होतं. सुटल्यावर त्याला त्या भागात कुणी राखणीला ठेवलं नाही. बायकोला घेऊन तो आदिलाबादकडे गेला, एवढंच कानावर आलं.

तो गेटावर होता की नाही, हे मी सांगू शकत नाही, कारण मी पाहिलंच नाही. पण त्या दुपारचं चित्रण होतं. तो माझ्या घरी येऊन बसला होता, तेव्हाही होतं.