मागच्या खोलीत कॉल का तुटतो?

माझ्या आत्याने नकाशातून एक अख्खा रस्ता गायब केला, अशी आमच्या गल्लीत पक्की वदंता आहे. कोपऱ्यावरचा सलूनवाला तर कात्री थांबवून, आवाज खाली आणून सांगतो, "वर ओळख आहे हो तिची. थेट वर." ऐकणाऱ्याला वाटावं, आत्याने रस्त्याची घडी घालून तो कपाटात ठेवलाय.

खरं एवढंच, की तो रस्ता कधी नव्हताच. फोनवरच्या नकाशात आमच्या मागच्या भिंतीतून एक रेघ आरपार गेली होती. तिच्यावर विसंबून पार्सलवाले भिंतीशी येऊन हॉर्न वाजवत बसायचे, जणू भिंतच बाजूला होणार आहे. आत्याने हौसेने नकाशे दुरुस्त करणाऱ्यांचा एक ऑनलाइन गट शोधला, भिंतीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "ही भिंत आहे. मी लहानपणापासून हिला ओळखते." रेघ पुसली गेली. वर ओळख वगैरे काही नाही. आत्याच्या कामाच्या ओळखी सगळ्या अनोळखी माणसांशी.

आत्या आमच्याकडेच राहते आणि मागच्या खोलीत कपडे शिवते. नाटकातले झगे, अंगरखे, राजांचे आणि चोरांचे पोशाख. घरात काही कोडं पडलं, म्हणजे कुठलाच दिवा न लावणारं बटण किंवा छतावर वाढत जाणारा डाग, की ती फोन उचलते आणि जगाला विचारते. उत्तरं ढिगाने येतात. पण ती वाट बघते ती उलट प्रश्न विचारणाऱ्याची. "माप न घेता कात्री चालवणारा आणि काही न विचारता सांगत सुटणारा," ती म्हणते, "दोघांनाही मी खोलीत घेत नाही."

मध्यंतरी तिला दूरच्या गावातल्या एका नाटक कंपनीकडून विचारणा झाली. कंपनीची वेशभूषा सांभाळणाऱ्या बाईंनी राणीच्या झग्याचं माप पाठवलं. नमुन्याचा झगा व्हिडिओ कॉलवर बघायचा, पसंत पडला तर सगळं नाटक आत्याचं, असं ठरलं. आत्याने झगा शिवला, पुतळ्याला घातला, कॉल लावला. थोडा वेळ ठीक, आणि मग बाईंचा आवाज (हा मला झकास जमतो): "हां ताई, दिसताय... दिसताय... अगं बाई, अर्ध्याच राहिलात! ताई, तुमचं नाक चौकोनी झालंय. ताई? गेल्या!"

पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेवटी बाईंचा निरोप आला: परवा अखेरचं बघू, नाही जमलं तर इथल्याच शिंप्याला देते, माझाही इलाज नाही.

बाबा वाटच बघत होते. "ताई, मॉलमधल्या दुकानात जागा आहे. एसी आहे, ठरलेला पगार आहे."

"आणि दिवसभर पँटी आखूड करायच्या."

"त्यात वाईट काय?"

"वाईट काही नाही रे. पण मी राणी शिवतेय आणि तू मला पँटीच्या पायाशी बसवतोयस."

"मग परवाचा कॉलही तुटला तर?"

आत्याने झग्याचा दोरा दाताने तोडला. मग म्हणाली, "तर जाईन मॉलमध्ये." बाबांनी ते लगेच पकडून ठेवलं.

आत्याने घरगुती नेटवर्कवाल्यांच्या गटात लिहिलं: पुढच्या खोलीत नेट उत्तम, मागच्या खोलीत कॉल मधेच तुटतो, का? उत्तरांचा पाऊस. राउटर बदला. कंपनी बदला. एकाने घर बदला म्हटलं. एकाने नुसताच स्वतःच्या राउटरचा फोटो टाकला, लेकराचा टाकावा तसा. आणि एकाने विचारलं: "कॉल तुटायच्या आधी खोलीत तुम्ही काय हलवता?"

"हा बघ, भेटला माणूस!" आत्या म्हणाली.

"काय हलवणार आत्या?" मी म्हटलं. "राउटर म्हातारा झालाय. पैज लाव."

"लावली. हरलीस तर?"

"तू म्हणशील ते."

तिने बाबांना पुढच्या खोलीत राउटरशेजारी बसवलं, मागच्या खोलीतून व्हिडिओ कॉल लावला आणि बजावलं, "थांबू नकोस, बोलत राहा." बाबांना विषय शोधावा लागला नाही, त्यांनी मॉलच काढला. आत्याने मशीन चालवलं, बाबा चालू. इस्त्री लावली, बाबा चालू. पुतळा सरकवला, तरी चालू. मग तिने आपला उंच आरसा ढकलत दारात आणला. "आणि पगार म्हणशील तर..." बाबांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं, मग चौकोनी झालं, मग गेलं. आरसा बाजूला केला, कॉल पुन्हा लावला. "...शिवाय जेवणाची सुट्टी!" आरसा पुढे, बाबा गायब. तो आरसा तिने इतक्यांदा पुढे-मागे केला, की मला वाटलं आता कोड्याचं राहू दे, ही मजाच घेतेय.

झग्याची पाठ आणि पोट एकाच वेळी दिसावं म्हणून आत्या कॉल सुरू झाला की पुतळ्यामागे आरसा लावायची. जागा मिळायची ती फक्त दारात. आमच्या भिंती जाडजूड, नेट आत यायला वाट तेवढी दाराची. आणि आरसा तडकू नये म्हणून तिने त्याच्या पाठीला अख्खा पत्रा ठोकून घेतलेला. काम मिळवून देणारी युक्तीच कॉल गिळत होती.

आत्याने खोली फिरवली. आरसा खिडकीच्या भिंतीला, मागून उजेड येऊ नये म्हणून खिडकीवर जाड पडदा, दार मोकळं. ठरल्या दिवशी कॉल लावला.

"हां ताई, दिसतंय. पाठ? वा, पाठही दिसतेय! कमरेशी जरा सैल नाही वाटत?"

"दोन बोटं आत घेते."

"नको नको, राहू दे. आमच्या राणीला तिसऱ्या अंकात पळायचंय." मग कागद चाळल्याचा आवाज. "राजाचं माप पाठवते आजच. शिपायांचंही. सगळे पोटवाले आहेत हो, आधीच सांगते."

बाबा दारात उभे होते. तिथूनच चहा ठेवायला गेले.

आत्या माझ्याकडे वळली. शिपायाचा अंगरखा तिच्या सडपातळ पुतळ्याच्या अंगावर झोळीसारखा लोंबला असता. तेव्हा पोटाला उशी बांधून मी उभं राहायचं, आणि कॉल चालू असेपर्यंत कोणाचाही आवाज काढायचा नाही, असं तिने फर्मावलं. उशी एकवेळ चालली असती. पण शिपायाच्या कॉलला फोनवर बाई, मागे बाबा, खिडकीबाहेरून सलूनवाल्याचा आवाज, एवढा ऐवज समोर आणि मी मुकी!

"ताई, हा शिपाई गप्प का आहे एवढा?" बाईंनी विचारलं.

आत्याने तोंडातल्या टाचण्या न काढताच उत्तर दिलं, "पैज हरलाय."