स्वादुपिंडाचं शेपूट

स्वादुपिंड हा अवयव मी शाळेत पाठ केला होता आणि परीक्षा झाल्यावर आमचा एकमेकांशी संबंध उरला नव्हता. पन्नाशीनंतर त्यानेच तो पुन्हा जोडला. पित्ताशयात खडे आहेत का हे बघायला स्कॅन केला, तर खडे निघाले नाहीत, स्वादुपिंडाच्या शेपटात एक गाठ निघाली. ह्या अवयवाला डोकं, धड आणि शेपूट असतं हे मला सर्जनबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. चित्र पालीसारखं दिसत होतं. गाठ शेपटाकडे आहे हे नशीब समजा, असंही त्या म्हणाल्या, कारण डोक्याकडचं ऑपरेशन फारच मोठं असतं. गाठीची लक्षणं बरी नव्हती, तेव्हा ती काढायची हे नक्की होतं. प्रश्न एवढाच, की पोट उघडून काढायची की चार-पाच छोट्या भोकांतून, रोबोच्या हातांनी. विचार करून पुढच्या आठवड्यात या, म्हणाल्या.

आमच्या लोकांना विचार करायला सांगणं फार धोक्याचं असतं, हे त्या चिनी बाईंना कुठून ठाऊक असणार!

शनिवारी इथे परदेशातल्या, यिशुन भागातल्या आमच्या फ्लॅटवर विचार करायला मंडळी जमली. मंडळी म्हणजे माझा नवरा, आमची युनिव्हर्सिटीत शिकणारी मुलगी आणि नवऱ्याचा पुण्यातला शाळासोबती. हा सोबतीही इथेच, बुओना व्हिस्टा भागात एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर आहे. पोहे अर्थातच मी केले. स्वादुपिंड माझं, पोहे माझे, आणि चर्चा मात्र त्यांची.

रोबोची बाजू मॅनेजरसाहेब घेतील असं मला वाटलं होतं. ते तर पहिल्या घासालाच उखडले. म्हणाले, "वहिनी, सॉफ्टवेअर कसं लिहितात ते मी रोज बघतो. तुम्ही सरळ पोट उघडून घ्या."

"अजिबात नाही," नवरा म्हणाला. तो मरीन इंजिनियर. वर्षानुवर्षं जहाजांवर चीफ इंजिनियर होता, आता इथल्या ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या इंजिनांची काळजी करतो. "चालतं मशीन उघडायचं नसतं. एकदा उघडलं की ते पहिल्यासारखं बसत नाही. आम्हीसुद्धा आधी भोकातून कॅमेरा घालूनच बघतो."

"कॅमेरा घालून बघता. गाठ काढता का?" साहेबांनी टोकलं.

"बाबा, अंकल, द रोबो डझन्ट डू एनिथिंग बाय इटसेल्फ लाह," मुलगी फोनमधून डोकं न काढता इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली. "डॉक्टरच चालवते. इट्स जस्ट अ टूल."

एवढं शहाणपणाचं वाक्य ह्या घरात बऱ्याच दिवसांत कोणी बोललं नव्हतं, त्यामुळे त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. वाद चहापर्यंत गेला. दोघांनी मिळून जगातलं सगळं ऐकीव ज्ञान माझ्या शेपटावर ओतलं. कोणाच्या मामाला उघडूनच बरं वाटलं होतं, कोणाची मेव्हणी भोकं पाडून तिसऱ्या दिवशी बाजारात गेली होती. मी ओट्याशी उभी राहून माझ्यापुरती तुलना करत होते. लिटिल इंडियातून समोरून बटणं असलेले सैल गाऊन आणायचे, की नेहमीच्या सलवारींवर भागेल? चिरलेल्या पोटावर नाडी बांधता येत नाही, एवढं मला सिझेरियनपासून माहीत होतं. खरं सांगायचं तर मी घाबरले होते, आणि गाऊनचा विचार केला की भीती जरा कमी व्हायची.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं सर्जनबाईंसमोर बसलो. बाई उंचीला माझ्या खांद्याला लागतील एवढ्याच, बोलणं हळू आणि नेमकं. पाईप जोडल्यावर घेतात तशी गळतीची चाचणी घेणार का, असं नवऱ्याने विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र खूश झाल्या.

"गळती हाच तर मुख्य धोका आहे," त्या म्हणाल्या. "स्वादुपिंड फार मऊ असतं, टाका नीट धरत नाही. कापलेल्या टोकातून पाचक रस झिरपू शकतो. पण तो धोका दोन्ही पद्धतींत साधारण सारखाच. रोबोने केलं तर सहसा रक्त कमी जातं, दुखतं कमी आणि माणूस घरी लवकर जातो."

"म्हणजे रोबो जास्त सुरक्षित," नवरा विजयी मुद्रेने माझ्याकडे वळला.

"सुरुवात रोबोने करीन. पण गाठीला लागूनच एक मोठी शीर आहे. गाठ तिला चिकटलेली निघाली आणि रक्त आवरेना, तर मी रोबो बाजूला करून पोट उघडेन. काही लोकांना ते अपयश वाटतं. मला वाटतं, वेळेवर उघडणं हाच सुरक्षितपणा."

नवरा खुर्चीत ताठ झाला. त्याच्या इंजिन रूममध्ये एक कायदा होता: चीफला विचारल्याशिवाय कुठलंही झाकण उघडायचं नाही. चीफ जेवत असो, झोपलेला असो, आधी फोन. हा कायदा मोडणाऱ्या ज्युनियरची तो काय गत करायचा, ते मी त्याच्याबरोबर जहाजावर राहिले तेव्हा स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

"उघडण्याआधी मला फोन करायचा," तो म्हणाला. "मी बाहेरच बसलेला असेन."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्या क्षणी फोन करायला मला वेळ नसेल."

"एक मिनिट लागतं."

"तेच नसेल."

तो "पण" म्हणाला, पुन्हा "पण" म्हणाला. त्याचा आवाज चिरकला तेव्हा मला कळलं, की हा माणूस माझ्याहून जास्त घाबरलेला आहे. शनिवारची सगळी बडबड त्या भीतीचीच होती. मला त्याची दया आली आणि रागही आला, कारण माझ्या पोटाचं झाकण त्याच्या अखत्यारीत कधीच नव्हतं. मी बाईंना म्हटलं, "पोट माझं आहे. गरज पडली तर खुशाल उघडा, कोणाला विचारू नका." आणि सही केली.

ऑपरेशननंतर शुद्ध आली तेव्हा मी पहिल्यांदा हात पोटावर नेला. हाताला लांबलचक पट्टी लागली. उघडलं होतं तर! गाठ शिरेला चिकटलेली होती, रक्त सुटलं आणि बाईंनी उघडलं. गाठ निघाली, तिच्याबरोबर शेजारची प्लीहाही गेली. पुढे शेपटाचं टोक थोडं गळलंच, त्यामुळे पोटातून निघालेली नळी आणि तिची पिशवी घेऊन मी बरेच दिवस फिरले. मॅनेजरसाहेब भेटायला आले ते "बघा वहिनी, मी म्हटलं होतं" एवढं सांगायलाच. मला हसू आलं आणि टाके इतके दुखले की साहेबांना खोलीबाहेर काढावं लागलं.

रिपोर्ट आला तो घेऊन सर्जनबाई स्वतः खोलीत आल्या. गाठ बिघडायला लागली होती, पण कुठे पसरली नव्हती, कापलेल्या जागेच्या कडा स्वच्छ होत्या. आणखी थांबला असतात तर गोष्ट वेगळी झाली असती, म्हणाल्या. मी रडले. मग त्या नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "माफ करा, तुम्हाला फोन करता आला नाही."

माझ्या उशाशी उभ्या असलेल्या नवऱ्याने माझं पांघरूण सारखं केलं.

"बरं झालं केला नाहीत," तो म्हणाला. "मी नाही म्हणालो असतो. उघडू नका, आहे तशी बंद करा आणि मला परत द्या, असं म्हणालो असतो."

तो खरं बोलत होता. जपून, हाताला धरून, गाठीसकट त्याने मला घरी नेलं असतं.