हानावाचा डोळा

ओयामा गावाबाहेर, महामार्गाला लागून हानावांचं चाकांचं दुकान आहे. तिथं जाणाऱ्याला चहा मिळतो, शिव्या मिळतात आणि गाडीला अंगाबरोबर बसणारी अलॉय चाकं मिळतात. पैकी चहा आणि चाकं फुसाएची, शिव्या तिच्या नवऱ्याच्या, मासुओच्या. लोकांना मात्र तीस वर्षं वाटत आलं की चहा सोडला तर सगळं मासुओचंच.

स्पोर्ट्स कारला बाहेरून घेतलेली चाकं बसवायची म्हणजे आणली, बोल्ट आवळले आणि झालं, असं नसतं. चाकाचा चेहरा आणि वरच्या पत्र्याची कड एका रेषेत यावी लागते. चाक आत राहिलं तर पोराच्या चपला घातलेल्या पैलवानासारखी गाडी दिसते. बाहेर आलं तर सरकारी तपासणीतला माणूस तिला दारातूनच परत पाठवतो. त्या रेषेपायी आमच्याकडचे पुरुष बायकोचं आजारपण विसरतात.

ती रेष फुसाए काढायची. पत्र्याच्या कडेला चिकटपट्टीनं दोरा लावायचा, टोकाला भोकाचं पाच येनचं नाणं बांधून खाली सोडायचं आणि दोरा नि जुनं चाक यांच्यातली फट पोलादी पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजायची; नवं चाक तेवढंच बाहेर घ्यायचं. गिऱ्हाईक तेव्हा पुढच्या खोलीत मासुओबरोबर चहा पीत बसलेलं असे. आकड्याची चिठ्ठी ती नवऱ्याच्या बशीखाली सरकवून जाई. मग मासुओ उठे, गाडीपुढे उकिडवा बसे, एक डोळा मिटे, घसा खाकरे आणि आकडा फेके. लोक तोंडात बोटं घालत. "हानावाचा डोळा" पंचक्रोशीत गाजला. पुढे त्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, तशी चिठ्ठीवरची अक्षरं मोठी होत गेली. ऑपरेशनचं नाव काढलं की मासुओ समोरचं ताट ढकलून उठायचा.

फुसाएला दागिना नको होता, सहल नको होती. "मोजते ती माझी बायको," असं त्यानं चारचौघांत एकदा म्हणावं, एवढंच हवं होतं. तीस वर्षांत ते त्याच्या तोंडून निघालं नाही, आणि आता ती नवऱ्याचा मनापासून राग करत होती. लपवायचं कशाला? भात वाढतानाही करत होती.

त्यात नुकागांनी भर घातली. हे दातांचे निवृत्त डॉक्टर, इथल्या स्पोर्ट्स कार क्लबाचे अध्यक्ष. जीभ तिखट, पण त्यांनी नावाजलं की गिऱ्हाइकांची रीघ लागे. आजवरच्या चारही गाड्यांची चाकं त्यांनी इथूनच घेतली होती. त्यांनी क्लबाच्या पत्रिकेत हानावाच्या डोळ्यावर पानभर मजकूर लिहिला. मासुओनं तो चौकटीत घालून भिंतीवर टांगला.

नुकागा नवी लाल गाडी घेऊन येणार होते त्या सकाळी फुसाए चौकटीपुढे उभी राहिली.

"अहो, यात माझं नाव कुठं आहे?"

"कशाला हवंय?"

"मोजतं कोण?"

"तू दोरा धरतेस. दोरा खिळासुद्धा धरतो."

"बरं. मग आज खिळ्याकडूनच मोजून घ्या," ती म्हणाली आणि सुका भोपळा घातलेल्या भाताच्या गुंडाळ्या करायला आत निघून गेली.

नुकागा आले ते नेहमीसारखे तोंड सोडूनच. "वहिनी, हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी?"

"डॉक्टरांना चवसुद्धा कळते होय? मला वाटलं, फक्त किडके दात कळतात."

ते खो खो हसले. मासुओ हसला नाही. त्यानं बशी उचलून पाहिली, ठेवली, पुन्हा उचलली. खाली काही नव्हतं. आता माघार घेईल तर तो मासुओ कसला! गाडी जॅकवर चढवून, चाकं काढून आतली जागा चाचपायची, हे अंगमेहनतीचं काम नेहमी तोच करी. नुकागांना चहापाशीच ठेवून ते त्यानं केलं, चाकं परत लावली, गाडी खाली उतरवली आणि तिथल्या तिथं स्वतःच दोरा सोडला.

फुसाए दारात उभी राहून बघत होती. जॅकवरून उतरलेल्या गाडीची चाकं आत ओढलेली राहतात. चार हात मागेपुढे ढकलली की ती पसरून आपल्या जागी बसतात. त्याआधी घेतलेला आकडा खोटा. तीस वर्षं चिठ्ठी वाचणाऱ्याच्या हे ध्यानात कुठून राहणार? मासुओनं पट्टीला नाक लावलं आणि ओरडला, "बारा!"

नुकागांनी गाडी अंगणात काढली आणि टोपी विसरली म्हणून आत गेले. फुसाएला राहवलं नाही. तिनं भराभर दोरा सोडून मोजलं. सात.

दुपारी चाकं घडवणाऱ्या कारखान्याचा अर्ज भरायचा होता. चाकं मापाबरहुकूम घडणार, तीन महिने लागणार आणि एकदा घडली की परत घेणार नाहीत. अर्ज नेहमी फुसाएच भरी.

"चाकं किती बाहेर घ्यायची?" तिनं विचारलं.

"बारा सांगितलं ना!"

"नक्की?"

"खिळ्याला नसत्या चौकशा कशाला?"

तिनं बारा लिहिलं. भीती वाटली नाही, लाज वाटली नाही. उलट कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं, आणि रात्री झोपही छान लागली.

तीन महिन्यांनी चाकं आली. नुकागा क्लबातल्या दोघांना मिरवायला घेऊन आले. चाकं चढली, गाडी उन्हात निघाली. चारही चाकं पत्र्याबाहेर डोकावत होती, शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. मासुओ पुढे झाला, उकिडवा बसला, एक डोळा मिटला.

"बघा," तो म्हणाला, "एका रेषेत. केसाचा फरक नाही."

नुकागांनी चाकाकडे पाहिलं, मग मासुओच्या दुधाळ डोळ्यांकडे. नुकागांच्या आरडाओरड्याची फुसाए तीन महिने वाट बघत होती. त्यांनी टोपी काढली आणि हळूच म्हणाले, "वा, हानावा-सान. अगदी रेषेत."

फुसाएच्या अंगाचा भडका उडाला. चुकलेल्या चाकांचंसुद्धा कौतुक त्यालाच!

"पाच मिलिमीटर बाहेर आहेत!" ती किंचाळली. "त्यांना दिसत नाही, तुम्हाला तर दिसतंय ना?"

मासुओनं हात पुढे केला. बोटं पत्र्याच्या कडेवरून खाली घसरली आणि चाकाला अडली. तिथंच थांबली.

"अर्ज तू भरलास," तो म्हणाला.

"तुम्ही सांगितलं तेच लिहिलं."

"चुकीचं आहे हे तुला ठाऊक होतं?"

नाही म्हटलं असतं तर सुटली असती. पण नाही म्हणायचं म्हणजे आपल्याला मोजता येत नाही, असं चौघांसमोर कबूल करायचं. ते तिच्याच्यानं होईना.

"होतं. त्याच दिवशी अंगणात मोजलं होतं मी. सात. या दुकानातली सगळी चाकं मीच मोजत आलेय. विचारा यांना."

मासुओ मान खाली घालून बसून राहिला. तो गप्प राहिला, यातच तिला हवं होतं ते सगळं आलं. क्लबातल्या दोघांनी वळून पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

"म्हणजे माझ्या आधीच्या चारही गाड्यांची चाकं तुमच्या हातची, वहिनी?" नुकागांनी विचारलं.

"माझ्याच."

"आणि हीसुद्धा तुमच्याच हातची."

फुसाएला नाही म्हणता आलं नाही.