मार्चअखेरचं घर

सत्काराच्या वेळी, मुलाखतीत, परवा तर एका लग्नात जेवणाच्या रांगेतही कुणीतरी विचारलं, "राज्यशास्त्र शिकून तुम्ही सरकारच्या बजेटमागे कशा लागलात?" मी दरवेळी खोटं सांगते. सांगते की कॉलेजात एक चांगले सर होते. सर होते, पण ते बजेट शिकवत नव्हते. मला बजेट बाबांनी शिकवलं, हाताने, पट्ट्याने आणि एकदा बसायच्या पाटाने.

बाबा ट्रेजरीत बाबू होते. सरकारच्या सगळ्या खात्यांची बिलं जिथे तपासून पास होतात, ते हे ऑफिस. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात तात्यापारा ही जुनी मराठी वस्ती; तिथे आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो: आई, बाबा, मी आणि माझ्याहून तीन वर्षांनी लहान भाऊ. वर्षाचे अकरा महिने बाबा चारचौघांच्या बाबांसारखेच होते. जरा कंजूष, जरा विनोदी, पोह्यांवर शेव कमी पडली की रुसणारे. मार्च लागला की तो माणूस जायचा आणि त्याच्या कपड्यांत दुसराच कुणीतरी घरी यायचा.

सरकारचा नियम साधा आहे. वर्षासाठी मिळालेला पैसा एकतीस मार्चपर्यंत खर्च झाला नाही, तर तो हातचा जातो. सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं लोक म्हणतात. मी आयुष्यभर अभ्यास करून सांगते, सरकार अकरा महिने थांबतं आणि बाराव्यात पिसाळतं. शेवटच्या पंधरवड्यात सगळी खाती आणि त्यांचे ठेकेदार बिलांचे गठ्ठे घेऊन बाबांच्या टेबलावर कोसळत. आतून साहेब आईबहिणीवरून शिव्या देणार, बाहेरून ठेकेदार कॉलर धरणार. एका वर्षी एकाने पेपरवेट फेकून मारला आणि बाबांची भुवई फाटली. तसेच रक्ताळलेले ते घरी आले, आईने हळद लावायला हात पुढे केला आणि त्यांनी तो हात पिरगाळला.

मार्चमध्ये ते रात्रभर ऑफिसात बसत आणि सकाळी फक्त आंघोळीला घरी येत. तो एक तास आमचा. त्या तासात कुणीतरी मार खायचंच. चपला आडव्या पडल्या म्हणून मी, खोकला म्हणून भाऊ, पाणी जास्त तापवलं म्हणून आई. साहेबाला मारता येत नव्हतं, ठेकेदाराला मारता येत नव्हतं, मग वड्याचं तेल वांग्यावर. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून आई आम्हाला ओरडू द्यायची नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही म्हण मी पुस्तकात नंतर वाचली.

मार्च एकतीस तारखेला संपतो, असं शाळेत शिकवलं. आमच्याकडे ते लागू नव्हतं. उरलेली बिलं ट्रेजरीत पुढचे चार-पाच दिवस जुनीच तारीख टाकून निघत. बाहेर एप्रिल, आत मार्च. भावाने कॅलेंडरचं पान उलटलं की आई मान हलवून सांगे, अजून नाही. बाबा जेवताना स्वतःहून काही बोलले की आम्ही समजायचो, संपला.

मी बारा वर्षांची असताना पाडवा नेमका त्या उरलेल्या दिवसांत आला. आईने पहाटे उठून गुढी उभारली होती. बाबा आंघोळ करून शर्टाची बटणं लावत होते. आई एवढंच म्हणाली, "दोन मिनिटं थांबा ना, पूजा करून जा." त्यांनी वळून उघड्या पंजाने तिच्या डाव्या कानावर मारलं. ती दाराच्या चौकटीवर आदळली. कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली आणि पदरात शिरली. बाबांनी ते पाहिलं, शेवटचं बटण लावलं आणि सायकल काढली. त्या कानाने आईला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. लोकांना तिने सांगितलं, न्हाणीत घसरले. त्याच दिवशी मी ठरवलं की एक दिवस स्वतःचं घर घेईन आणि आईला या माणसापासून उचलून तिथे नेईन. बाकी माझं जे काही करिअर म्हणतात, ते या एका गोष्टीच्या वाटेवर झालं.

पीएचडीला मी विषय घेतला तो मार्चचाच. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या ट्रेजरीत जाऊन बसले. बाबूंशी बोलले, शिपायांशी बोलले. एका गावात न बांधलेल्या पुलाच्या बिलाविषयी जास्त विचारलं म्हणून ठेकेदाराच्या माणसाने माझा दंड धरून मला पायऱ्यांवरून खाली ढकललं आणि वह्या नालीत टाकल्या. गुडघा फुटला. मी नालीत उतरून वह्या काढल्या आणि त्याला अशा शिव्या घातल्या की तोच दोन पावलं मागे सरला. आमच्या घराण्याचा राग माझ्यातही पुरेपूर आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. मला उलट अभिमान वाटला.

त्या सगळ्या बाबूंमध्ये मला बाबा दिसत. कुणी बोलता बोलता रडायचा, एकाने तर सांगितलं, "दीदी, मार्च में बच्चे मेरे सामने नहीं आते." मी लिहिलं की टेबलावर बसलेला माणूस दोषी नाही, बारा महिन्यांचं काम पंधरा दिवसांत कोंबणारी व्यवस्था त्याला जनावर करते. या वाक्याने माझं नाव झालं. एका हिंदी वर्तमानपत्राने फोटोसकट मुलाखत छापली, युनिव्हर्सिटीत नोकरी लागली. खरं सांगते, ते लिहिताना मी बाबांना माफही करून टाकलं होतं. बाप दुष्ट असण्यापेक्षा व्यवस्था दुष्ट असलेली परवडते.

त्याच शहरात, तेलीबांध्याला फ्लॅट घेतला. एक खोली आईची ठेवली, तलावाकडे खिडकी असलेली. बाबा रिटायर झाले होते आणि दोघं चौबे कॉलोनीत छोटं घर घेऊन राहत होती. दरवर्षी मी आईला म्हणायची, चल. ती म्हणायची, "आता काहून? आता हे शांत झाले."

या वर्षी मार्चमध्ये शेजारच्या बाईंचा फोन आला. आईचं मनगट मोडलं होतं. बाबा शहात्तर वर्षांचे, रिटायर होऊन सोळा वर्षं झालेली, टेबल नाही, बिल नाही, साहेब नाही. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून त्यांनी आईचा हात धरून ओट्यावर आपटला होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, पण मी तर लिहिलं होतं की पीळ सुंभाचा नसतोच. माझा सगळा अभ्यास त्या ओट्यावर फुटला. बंगळुरूच्या भावाला फोन केला. तो लहानपणापासून माझ्याशी मराठीत बोलायचा; आता हिंदीत म्हणाला, "जाने दो ना दीदी, बूढ़े हो गए हैं."

आईने मात्र या वेळी जाऊ दिलं नाही. दवाखान्यात प्लास्टर चढत असताना ती म्हणाली, "प्लास्टर निघू दे. मग येते मी तुझ्याकडे." त्या पाडव्यापासून पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. मी घरी जाऊन तिच्या खोलीला पडदे लावले.

मे महिन्यात मी तिला न्यायला गेले. दुपार होती, कूलर घरघरत होता. आई आत सुटकेसमध्ये शेवटच्या साड्या ठेवत होती. बाबा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. मी त्यांना काही बोलणार नव्हते. तेच म्हणाले, "घेऊन चालली का तिले?"

"हो. हात मोडलात तुम्ही तिचा."

"मार्च होता ना," ते म्हणाले.

"बाबा, आता कुठलं ऑफिस आहे तुम्हाला? कुठलं बिल होतं?"

ते उठले, कपाटातून प्लास्टिकची फाइल काढली आणि त्यातलं एक कात्रण माझ्यापुढे धरलं. माझीच मुलाखत. फोटोतली मी हसत होते. माझ्या त्या वाक्याखाली त्यांनी लाल शाईने रेघ मारली होती. "तूच तं लिहिलं ना. माणसाची चूक नाही म्हणून. मी तिलेही वाचून दाखवलं. सारी ट्रेजरी वाचून खूश झाली. मंग आता काहून आरोपी करून राहिली मले?"

माफी मागितल्यासारखा चेहराही नव्हता. बिलावरचा आक्षेप निकाली काढावा तसं बोलत होते. मी माझा हात उठताना पाहिला नाही. आवाज ऐकला. चष्मा उडून कूलरखाली गेला, बाबा खुर्चीवर आडवे झाले आणि मी दुसऱ्यांदा हात उचलला. दुसरी लागलीसुद्धा, कानाजवळ. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा आई दारात उभी दिसली. एका हाताने सुटकेस ओढत आणली होती.

तिने सुटकेस सोडली. खाली वाकून चष्मा काढला, पदराने पुसला, बाबांच्या डोळ्यांवर बसवला. त्यांचा कान वळवून पाहिला, रक्त आहे का म्हणून. बाबा लहान मुलासारखे हुंदके देत होते. मला तेही खोटं वाटलं.

"आई, चल," मी म्हटलं.

"मी नाही येत."

"या माणसाजवळ राहशील? आता?"

ती माझ्याकडे वळली, ऐकू येणारा कान माझ्या बाजूला करून. "ह्यांचा हात मले माहीत आहे. केव्हा उठते, कुठं लागते, सारं माहीत आहे. तुझा हात मी आज पाहिला. या वयात नवा हात नाही शिकत मी."

"मी तुझ्यासाठी मारलं, आई."

"हेही हेच म्हणत," ती म्हणाली आणि सुटकेस ओढत आत गेली. साड्या कपाटात परत रचल्याचा आवाज मला बाहेर येत होता. बाबांनी कात्रण घडी करून फाइलमध्ये ठेवलं.

मी गाडीपर्यंत आले, दार उघडून आत बसले. तळहात चरचरत होता. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग, आणि तो बाबांवर नव्हता. तो आईवर होता, आणि ती त्या क्षणी समोर असती तर मी काय केलं असतं, हे मला सांगता येत नाही.