कमी मिठाची बरणी

"तुमची बरणी खोटी हाय, शेठ," म्हणत ठकूबाईंनी चिनीमातीची बरणी काउंटरवर ठेवली. तोंडाचं फडकं सोडलं, आणि असा वास सुटला की स्टीलचे डबे बघणारं गिऱ्हाईक नाक दाबून बाहेर पडलं.

जुन्नरच्या बाजारपेठेत आमचं भांड्यांचं दुकान. गल्ल्यावर मोठा भाऊ, काउंटरवर मी. आम्ही जैन. घरात गाजर-मुळा येत नाही, आंबवलेलं तर मुळीच नाही. तरी बरणीतली भाजी का बिघडते यावर मी तासभर बोलू शकतो. दुकानदाराला गिऱ्हाइकांच्या तक्रारीच शिकवतात.

ठकूबाई तळेघरहून आल्या होत्या, थोडं पायी, मग एसटीने. बरणी आमच्याच दुकानातली. आत मिठाच्या पाण्यातली गाजरं, मुळे, मिरच्या. वर काळपट बुरशी, खाली फोडी बुळबुळीत.

"बदलून दे रे," दादा गल्ल्यावरून म्हणाला. "रिटर्नमध्ये टाक आणि मोकळा हो."

"नव्या बरणीतही हेच होईल, दादा."

"कशावरून?"

"ग्लेझ शाबूत आहे." ग्लेझ म्हणजे बरणीचा काचेसारखा गुळगुळीत थर. तो उडाला की आतली माती खार पिते. इथे तसं काही नव्हतं.

मग मी एकेक विचारत गेलो. बरणी गरम पाण्याने धुऊन वाळवली होती? व्हय. पाणी उकळून गार केलेलं? व्हय. फोडी पाण्याखाली होत्या?

"वर बशी दाबली व्हती की."

सगळं बरोबर. "आणि मीठ?"

ठकूबाईंनी दादाकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. दादाला लगेच गोडाऊनमधलं काम आठवलं. माणूस तापट, पण समजूतदार.

"पोरगी पोटुशी हाय," त्या हळूच म्हणाल्या. "पहिलटकरीण. पोटात काय ठरत न्हाई, खारातल्या फोडीसंगं तेवढी भाकर खाती. आन् पाय सुजल्यात तिचं. म्हून मीठ निम्मंच टाकलं."

"यातलं खाल्लं तिने?"

"अजून न्हाई. वरलं काढून खालचं दिऊ का?"

मी बरणी माझ्याकडे ओढून घेतली. "एक फोडही नको, मावशी. चाखूनसुद्धा बघू नका."

मीठ चवीसाठी नसतं, राखणीला असतं, हे मी त्यांना सांगितलं. खारट पाण्यात सडवणारे जंतू मागे पडतात, आंबट करणारे टिकतात. मीठ निम्मं केलं की राखण निम्मी होते. बरणीत मीठ पुरतं घालायचं, लिटरभर पाण्याला जाड मिठाचे तीन मोठे चमचे. वाढताना दोन-चारच फोडी घ्यायच्या, त्याही साध्या पाण्याने धुऊन.

"आणि पाय सुजलेत, तर तिला लगेच दवाखान्यात न्या. खार खायचा की नाही, तेही डॉक्टरांनाच विचारा."

"मोरी कुठं हाय?" एवढंच त्यांनी विचारलं. मागे गेल्या आणि सगळी बरणी रिकामी केली. अन्न टाकताना आपला हात अडखळतो. ती भाजी तर त्यांच्या परसातली, पण एक फोड त्यांनी वेचून बाजूला ठेवली नाही.

तेवढ्यात दादा नवी बरणी घेऊन आला.

"नगं, शेठ. बरणीचा काय दोस? तुमास्नी उगा बोलले."

घासलेली जुनी बरणी काखेत मारून त्या स्टँडकडे निघाल्या. भांडायला आलेलं गिऱ्हाईक फुकटची वस्तू परत करून जातं, हे आम्ही भावांनी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढच्या वर्षी त्या आल्या, गावातल्या दोघी बायकांना घेऊन. मुलीला डॉक्टरांनी वेळेवर औषध दिलं होतं. ती बाळंत झाली, दोघं मायलेकरं बरी होती. सोबतच्या दोघींना बरण्या हव्या होत्या. मी माझं नेहमीचं लेक्चर सुरू करणार, तोच ठकूबाई त्यांना म्हणाल्या, "माया करायची ती ताटात करा. बरणीत करू नगा."

मी बरण्या कागदात गुंडाळल्या. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला हेच सांगतो. तासभर बोलायची गरज उरली नाही.