पाळीखालचं गढूळ पाणी

"टेबलावर नको ठेवू. बाहेर जाऊन ओत."

कार्यालयातले साहेब माझ्या हातातल्या काचेच्या ग्लासाकडे बोट दाखवत होते. ग्लासात धरणाच्या पाळीखालून, म्हणजे मातीच्या बांधाखालून, भरून आणलेलं पाणी होतं. चहासारखं लाल.

मी गोरेगावकडच्या एका जुन्या मातीच्या धरणावर रोजंदारीची चौकीदार. नवरा गेला, त्याच्या जागी लागले. कामाची रीत त्याचीच. रोज सकाळी पाळीच्या पायथ्याशी जायचं, पाणी पाझरतं तिथं ग्लास भरायचा, उजेडात धरायचा. नितळ असलं तर चिंता नाही, मातीचं धरण थोडं पाझरतंच. गढूळ दिसलं तर समजायचं, पाणी पाळीच्या पोटातली माती ओढून आणतंय. मग धावत सुटायचं.

मी धावतच आले होते.

साहेब हसले. "तूच हात घालून ढवळलं असशील. तुम्हा लोकांना पाण्यातही आंदोलन दिसतं."

तुम्हा लोकांना. म्हणजे कोणाला, ते मला कळलं. शिपायालाही कळलं, तो फिदीफिदी हसला. मी बाहेर जाऊन ग्लास ओतला. परत आले तर साहेबांनी पाझराची नोंदवही उघडून ठेवलेली. "नितळ लिख दे. कल बडे साहब आनेवाले हैं."

मी लिहिलं. तीन दिवस लिहिलं. सांगायला आजही लाज वाटते.

रोजी जाईल, ही एक भीती. दुसरी तिच्याहून मोठी. आमची टोली, म्हणजे सारी वस्ती, विहारासकट, थेट पाळीच्या खाली. उंचावरची जागा इतरांनी आधीच घेतलेली, आम्हाला ही उरली. पहिलंच घर माझ्या लेकीचं. धरण काठोकाठ भरलेलं.

"माय, जेवून काऊन नाही राह्यली?" लेक विचारायची. मी ताट तिच्या लेकरांपुढं सरकवायचे.

चौथ्या सकाळी पाझराच्या तोंडाशी पाळीच्या पोटातून आलेल्या बारीक मातीचा वारुळासारखा ढीग साचला होता. शेजारी लेक भांडी घासत बसलेली.

"माय, पानी असं गढूळ कायले येऊन राह्यलं?"

ती मला विचारत होती. चौकीदाराला!

"भांडे राहू दे," मी म्हटलं. "लेकरं उचल. साऱ्या टोलीले घेऊन शाळेच्या टेकडीवर जा. आत्ता."

टोली वर चढताना डोळ्यांनी पाहिली, मग कार्यालयात गेले. वहीत लिहिलं, पाणी गढूळ, चार दिवसांपासून, आधीचं मी खोटं लिहिलं.

साहेब ओरडले, "पागल झाली का? खोड ते!"

"नाही खोडत."

"मग उद्यापासून येऊ नको."

दुपारी त्याच साहेबांनी माती वाहून जाऊ नये म्हणून पाझरावर वाळू-मुरमाच्या गोण्या टाकून घेतल्या. मला कामावर परत घेतलं नाही. गोण्यांपलीकडे अजून काही दुरुस्ती झालेली नाही, आणि टोली पुन्हा खाली राहायला आली, कारण जाणार कुठं?

मी अजून भिते. रोज सकाळी कोणी न सांगता ग्लास घेऊन पाळीखाली जाते. पण ही भीती मी एकटीनं गिळणार नाही. टोलीत सांगेन, ग्रामसभेत सांगेन, ज्या गावांच्या नळाला हे पाणी जातं त्या प्रत्येक गावात जाऊन सांगेन. तीन दिवस गप्प बसून मी माझ्याच माणसांना मारायला निघाले होते. आता कोणाच्या बापाला भिऊन गप्प बसणार नाही.